मागचे शॉकअप घेण्याआधी पाट्याखाली वाकून बघा

ऑक्टोबर लागला की आमच्या पाटोदा तालुक्यात सीताफळाची घाई सुरू होते. बालाघाटाच्या उतारावरून क्रेट भरून पिकअप निघाली की आधी पाणंद, मग ओढा, मग उखडलेली खडी आणि मग कुठे डांबर. डोळे उघडलेलं सीताफळ वाट बघत नाही आणि दणकाही सोसत नाही. मागची चाकं एकदा जोरात आदळली की खालच्या थरातली फळं फुटतात आणि बाजारात तो क्रेट वेगळा काढून ठेवतात.

तीन वर्षांपूर्वी माझी गाडी मागून बसायला लागली. क्रेट भरले की बंप रबर, म्हणजे एक्सलच्या वर धक्का झेलायला बसवलेला रबरी ठोकळा, एक्सलला टेकायचं आणि प्रत्येक खड्ड्यात 'ठक्' असा आवाज यायचा. दुकानदार म्हणाला, हेवी ड्युटी शॉकअप टाका, गाडी उचलेल. मी टाकले. गाडी तसूभरही उचलली नाही. रिकामी असताना मात्र मागचा भाग असा उडायला लागला की पाण्याची कॅन हौद्यात इकडून तिकडे पळायची, आणि भरल्यावर ठक् होतंच. शेवटी आमच्या मिस्त्रींनी गाडीखाली एक नजर टाकली आणि म्हणाले, "दादा, शॉकअपला कशाला बोल लावायलात, आधी पाटे तर बघा." पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग. त्यातला दुसऱ्या नंबरचा पाटा, सगळे पाटे मधोमध आवळणाऱ्या सेंटर बोल्टपाशी, तडकलेला होता. चिखल वाळून बसल्यामुळे तो वरून दिसत नव्हता.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. बोलेरो पिकअप, कॅम्पर, योद्धा, इसुझू व्ही-क्रॉस, हायलक्स, जुनी जिप्सी, २०१० ते २०२० मधली थार, या सगळ्यांना मागे पाटे आहेत. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या थारला मागे कॉइल स्प्रिंग आहे, त्यामुळे तिचं गणित वेगळं. पुढचं सगळं पाट्याच्या गाडीसाठी आहे, आणि तीही अशी गाडी जी काळ्या रानात, मुरमात, नाल्यात रोज उतरते.

वजन कोण पेलतं?

वजन पाटे पेलतात. शॉकअप पेलत नाही. ही एवढी गोष्ट डोक्यात पक्की बसली तर निम्मे चुकीचे खर्च टळतात.

पाटा दाबला गेला की तो ताकद साठवतो आणि लगेच परत फेकतो. त्याला आवरलं नाही तर गाडी झोक्यासारखी वरखाली होत राहते. शॉकअप म्हणजे झोक्याला लावलेला हात. तो झोका धरून ठेवत नाही, फक्त त्याची हालचाल शमवतो. आत तेल असतं, दांड्याच्या टोकाला भोकं आणि पातळ पोलादी चकत्या असलेला पिस्टन असतो. तेलाला त्या बारीक वाटांतून जावं लागतं आणि हालचालीची सगळी ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. रंगपंचमीची पिचकारी हळू दाबली तर सहज दबते, जोरात दाबली तर अडते, तसंच. शॉकअप नुसता हातात धरून हळू दाबला तर तो कमी विरोध करतो. जितक्या वेगाने दाबाल तितका विरोध वाढतो. म्हणूनच उभ्या गाडीचं वजन तो धरूच शकत नाही, कारण उभ्या गाडीत हालचालच नाही.

"पण गॅसचा शॉकअप टाकला की गाडी थोडी उचलते" असं कोणी म्हणालं तर ते अगदी खोटं नाही. हिशेब करून बघा. दांडा १४ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंटिमीटर. आत १४ बार दाबाचा नायट्रोजन असेल तर तो दांड्याला जवळपास २२ किलोच्या जोराने बाहेर ढकलतो. दोन्ही शॉकअप मिळून चाळीस-पंचेचाळीस किलो. टनभर माल वाहणाऱ्या पाट्यांपुढे हे काय आहे? फार तर काही मिलिमीटर. बसलेली गाडी त्याने उठत नाही.

बसलेल्या गाडीवर स्प्रिंग चढवलेले किंवा हवा भरायचे शॉकअपही मिळतात. ते खरंच वजन उचलतात, आणि तीच माझी हरकत आहे. शॉकअपचा वरचा ब्रॅकेट हालचाल आवरण्यासाठी बनवलेला असतो, माल तोलण्यासाठी नाही. पाणंदीत आदळआपट होत राहिली की तो ब्रॅकेट चेसिसपासून तडकायला लागतो. पाटा बसला असेल तर पाट्याचंच काम करून घ्या. कमान द्या, तडकलेला पाटा बदला, गरज असेल तर एक वाढवा. पण पाटा वाढवणं म्हणजे कागदावरची भारक्षमता वाढणं नव्हे. आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही.

पाटे स्वतःही थोडं शॉकअपचं काम करतात

कॉइल स्प्रिंगपेक्षा पाट्याचा एक मोठा फरक असा की त्याचे थर एकमेकांवर घासतात. हे घर्षणही गाडीचे हेलकावे कमी करतं. पण ते शहाणं नसतं. शॉकअपचा विरोध हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो, घर्षण मात्र आधी अडून बसतं आणि मग एकदम सुटतं. म्हणून रिकामी पिकअप बारीक खडीवर अख्खी थरथरते. त्या छोट्या धक्क्यांना पाटे उघडतच नाहीत, गाडी नुसत्या टायरवर नाचते. पाटे हललेच नाहीत तर शॉकअप तरी काय करणार? अशी थरथर घालवायची म्हणून शॉकअप बदलणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. तिथे पाट्यांच्या टोकांमधला गंज काढणं, तिथे पाट्यांच्या मधे बसवलेल्या चकत्या झिजल्या असतील तर बदलणं आणि रिकाम्या गाडीत टायरची हवा कंपनीने रिकाम्यासाठी सांगितलेल्या आकड्यावर आणणं हाच उपाय.

याचा शॉकअप निवडण्याशी थेट संबंध आहे. सात-आठ पाट्यांची जुडगी असेल तर घर्षण भरपूर असतं, म्हणून दाबताना मऊ असलेला शॉकअप घ्यावा. दाबाच्या बाजूला आणखी कडक शॉकअप बसवला की दगडावरचा धक्का सरळ चेसिसला लागतो. माझ्या 'हेवी ड्युटी'ने हेच केलं होतं. याउलट दोन-तीन जाड, एकमेकांना मधे न टेकणारे पॅराबोलिक पाटे असतील तर घर्षण थोडं, मग शॉकअपवर जास्त भिस्त.

पाट्याचं तिसरं काम म्हणजे एक्सल जागेवर धरणं. ओढ्यातून वर चढताना पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की एक्सल उलटा फिरायला बघतो आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो. मग तो सुटतो, पुन्हा मुरडतो आणि चाक ठक्-ठक् उड्या मारतं. काही गाड्यांत यासाठीच एका बाजूचा शॉकअप एक्सलच्या पुढे आणि दुसऱ्या बाजूचा मागे बसवलेला असतो, म्हणजे मुरड पडताना एक दाबला जातो आणि एक ताणला जातो. तुमच्या गाडीला असं असेल तर बदलताना तीच रचना ठेवा. तरीही चाक उड्या मारत असेल तर पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट सैल आहेत का ते आधी बघा.

रिकामी गाडी की भरलेली?

मला सगळ्यात जास्त पटवून द्यायची गोष्ट ही. शॉकअप गाडीच्या नावावरून घेऊ नका, तुम्ही बहुतेक वेळा किती वजन घेऊन जाता त्यावरून घ्या.

झोक्यावर लहान पोर बसलं असेल तर एका हाताने झोका थांबतो. त्याच झोक्यावर मोठा माणूस बसला तर तोच हात पुरत नाही. रिकाम्या पिकअपच्या मागच्या पाट्यांवर समजा ५०० किलो वजन आहे. हौद्यात हजार किलो माल भरला, म्हणजे १५०० झालं, तिप्पट. शॉकअपची पकड या वजनाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होते. तीनचं वर्गमूळ १.७३. म्हणजे रिकाम्या गाडीत जो शॉकअप अगदी बरोबर जुळलेला होता, त्याची पकड भरलेल्या गाडीत साधारण ५८ टक्क्यांवर येते. त्यात भार पडल्यावर टेकणारा मदतीचा खालचा पाटा असेल आणि त्यामुळे पाट्यांचा कडकपणा दुप्पट झाला, तर ती ४१ टक्क्यांपर्यंत उतरते. भरलेली पिकअप महामार्गावर जहाजासारखी डुलते ती यामुळे.

आपल्याकडे हे जास्त जाणवतं. काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला लांबलचक लाटा पडतात. डोळ्याला रस्ता गुळगुळीत दिसतो, पण भरल्या गाडीत तुम्ही सत्तरच्या वेगाने गेलात की मागचा भाग हळूहळू वरखाली होत राहतो. असे सावकाश हेलकावे आवरायला शॉकअपची संथ हालचालीतली पकड लागते. ओढ्यातल्या दगडावर चाक आदळतं तेव्हा पिस्टन अतिशय वेगाने हलतो. तिथे मात्र तेलाला पटकन वाट मिळायला हवी, नाहीतर धक्का माणसाला लागतो. गाडीचा वेग आणि पिस्टनचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गिअरमध्ये दगडावरून उतरतानाही पिस्टन वेगात असू शकतो. चांगल्या शॉकअपमध्ये चकत्यांची रचना अशी असते की संथ हालचालीत तो घट्ट आणि एकदम आलेल्या धक्क्यात मोकळा होतो. घेताना हाच प्रश्न विचारा. 'कडक आहे का मऊ' हा प्रश्न अपुरा आहे.

परतीची बाजूही बघायला हवी. दाबलेला पाटा सुटताना शॉकअप त्याला मागे ओढतो, आणि ही पकड सहसा दाबाच्या बाजूपेक्षा जास्त ठेवलेली असते. पण ती फारच जास्त असली तर मुरमाच्या रस्त्यावर, जिथे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी करवतीसारख्या बारीक लाटा पाडलेल्या असतात, चाक एका खड्ड्यातून पुरतं खाली यायच्या आतच पुढचा उंचवटा येतो. प्रत्येक लाटेला गाडी थोडी-थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप रबरवर चालायला लागते. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप मऊ पडले. प्रत्यक्षात ते जास्त घट्ट असतात.

मी स्वतः वर्षातले दोन-अडीच महिने भरून आणि बाकीचे दिवस निम्म्याहून कमी मालात गाडी चालवतो. म्हणून मी निम्म्या मालाला जुळणारा शॉकअप घेतला आणि भरलेल्या दिवसांत वेग कमी ठेवतो. ज्याची गाडी रोज पूर्ण भरून मोंढ्यावर जाते त्याने माझं ऐकू नये, त्याने भरलेल्या वजनाचाच घ्यावा. ज्याची थार किंवा जिप्सी सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाते त्याच्या गाडीचं वजन फारसं बदलत नाही, त्याचं काम सगळ्यात सोपं.

एक नळी, दोन नळ्या

ट्विन ट्यूब म्हणजे नळीत नळी. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि वर थोडी हवा किंवा कमी दाबाचा गॅस. एकसारखे धक्के बसत राहिले की तेल आणि हवा ताकासारखे घुसळले जातात आणि फेस येतो. फेसातून पिस्टन फुकटचा फिरतो. उन्हाळ्यात, बेचाळीस अंशांच्या दुपारी, तेल आधीच पातळ झालेलं असताना हे लवकर होतं. पण या शॉकअपचे गुणही मोठे आहेत. किंमत कमी, लांबीला आखूड, आणि बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा बसला तरी आतली नळी सहसा शाबूत राहते.

मोनोट्यूब म्हणजे एकच नळी. त्यात तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन असतो, त्यामुळे दोन्ही मिसळत नाहीत. गॅसचा दाब कायम तेलावर असतो म्हणून बुडबुडे होत नाहीत. बंद सोड्याच्या बाटलीत बुडबुडे दिसतात का? झाकण उघडून दाब गेला की दिसतात. शिवाय तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असतं, म्हणून लवकर थंड होतं. ही रचना १९५० च्या दशकात युरोपात रुजली आणि आज डोंगरात गाडी घालणाऱ्यांची ती पहिली पसंती आहे. दोष असा की हिच्या भिंतीवरच पिस्टन फिरतो. खालून दगड लागून पोचा आला की खेळ संपला. आणि गॅसच्या कप्प्यासाठी लांबी जास्त लागते. वेगळी डबी जोडलेले शॉकअप मिळतात त्यात हा कप्पा बाहेर काढलेला असतो, म्हणजे तेल जास्त मावतं आणि लांबीही वाचते.

भारतात शॉकअपचं उत्पादन करणारी गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून आहे, आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स दुचाकी-तिचाकीचे शॉकअप बनवते. तत्त्व सगळीकडे तेच. शेतीच्या पिकअपला माझं मत साधं आहे: चांगल्या कंपनीचा, कमी दाबाच्या गॅसचा, जरा जाड पिस्टनचा ट्विन ट्यूब. पाणंदीत आपण तासन् तास वेगाने जात नाही, मग फेसाचा धोका थोडा आणि दगडाचा धोका मोठा. डबीवाले शॉकअप तासन् तास खराब रस्त्यावर वेगात चालणाऱ्या गाडीसाठी आहेत. त्यांवर घालायचे पैसे मी पाट्यांवर घालीन.

टेप घेऊन गाडीखाली

आता मोजमाप. इथे कंटाळा केला की शॉकअपचा डोळा, म्हणजे टोकाची बोल्ट अडकवायची गोल कडी, तुटतो. लागतो फक्त टेप, जॅक आणि एक सोबती. गाडी सपाट जागी, चाकाला दगड, आणि चेसिसला भक्कम आधार दिल्याशिवाय खाली शिरायचं नाही.

माझ्या गाडीचे आकडे सांगतो, तुमचे वेगळे निघतील. रिकामी गाडी उभी असताना वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत ४६० मिलिमीटर भरलं. बंप रबर आणि एक्सल यांच्यात ८० चं अंतर. रबर पूर्ण जोराने दाबलं की आणखी साधारण २५ आत जातं असं धरलं. म्हणजे चाक जास्तीत जास्त वर गेलं की दोन डोळ्यांमधलं अंतर ४६० वजा ८० वजा २५, असं ३५५ उरतं. शॉकअप त्याआधी आतून टेकता कामा नये, म्हणून १५ ची सूट ठेवून पूर्ण दबलेली लांबी ३४० किंवा कमी हवी. मग चेसिस जॅकवर उचलून चाकं लोंबू दिली, अंतर ५३० भरलं. त्यात १० मिळवले, पूर्ण उघडलेली लांबी ५४० किंवा जास्त. ५४० मधून ३४० गेले की २०० मिलिमीटरची चाल लागते. दुकानात मी हे तीन आकडे कागदावर लिहून नेले. उघडलेल्या लांबीतल्या १० च्या सुटीची काळजी घेतली नाही तर ओढ्यात एक चाक लोंबलं की पाट्याचा आणि एक्सलचा सगळा ताण शॉकअपच्या दांड्यावर येतो.

रिकाम्या गाडीत या शॉकअपला दाबायला १२० आणि उघडायला ८० उरतात. दुकानात 'अर्धं-अर्धं' सांगतात ते स्थिर वजनाच्या गाडीसाठी ठीक. पिकअप भरली की मागून ५० ने बसते, तेव्हा दाबायला ७० च उरतात. म्हणून माल वाहणाऱ्या गाडीत रिकामं असताना दाबाच्या बाजूला जास्त जागा ठेवायची.

शॉकअप किती तिरका बसतो तेही बघा. उभ्यापासून ३० अंश कलला तर चाकापाशी त्याची पकड ७५ टक्के राहते, ४५ अंशांना निम्मी. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी, लांब करून किंवा ठोकळे घालून गाडी उंच केली की हा कोन बदलतो, गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. मी तरी त्या वाटेला गेलो नाही.

बसवताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला. नवा ट्विन ट्यूब आधी उभा धरून हाताने सात-आठ वेळा पूर्ण उघडून-दाबून घ्या, आडवा पडून राहिल्यामुळे आत अडकलेली हवा वर जाते. डोळ्यातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना गच्च करू नका. चाकं जमिनीवर, वजन पाट्यांवर, मग आवळा. हवेत आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

काळ्या चिखलाचं एक सांगायचं राहिलं. तो दांड्यावर वाळला की खरवडल्याशिवाय निघत नाही, आणि पुढच्या धक्क्याला तोच चिखल दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी ऑइल सीलच्या ओठावरून घासत आत जातो. पावसाळ्यात रानातून आलो की मी आधी पाण्याने तिथला चिखल भिजवतो, मग धुतो. कोरडा कधीच खरवडत नाही.

शॉकअप काम करतोय का हे कळायला सोपी खूण आहे. खराब रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालवून थांबा आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांना सावकाश, आधी बोटाच्या टोकाने हात लावा, चटका बसू शकतो. हालचालीची ताकद उष्णता होते, म्हणून चालू शॉकअप गरम लागतो. एक गरम आणि एक गार लागला तर गार असलेला मेला. वरचा भाग थोडा तेलकट दिसणं चालतं, खालपर्यंत ओघळ आला असेल तर नाही.

आणि मालाची गाडी खरंच बंप रबरवर आदळते का हे बघायला मी रबराच्या टोकाला ओल्या चुन्याचा ठिपका लावतो. एक फेरी मारून आलो की एक्सलवर पांढरा शिक्का उमटलाय का ते बघायचं. यंदा पहिल्या भरलेल्या फेरीनंतर शिक्का होता, फिकट, एकच. तो ओढ्यातल्या त्या एका दगडाचा असावा. खालच्या थरातले क्रेट उघडून पाहिले, फळं अख्खी होती.